द्वारपालाची तर्जनी

४ जानेवारी

किचन ओट्यांच्या दुकानाचे मालक यांस,

तुमचा पत्ता आमच्या पॉलिशवाल्या काकांकडून घेतला. त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. हे पत्र लिहायची मला हौस नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बावीस वर्षांपूर्वी आप्पांच्या कारखान्यातून देवळाच्या दारासाठी दोन द्वारपाल गेले, ते तुम्ही विसरला नसाल. बाहेर आलेले सुळे, वटारलेले डोळे, गदेला टेकवलेला पाय. दार रुंद करायचं म्हणून मागच्या महिन्यात दोघांना क्रेननं उचललं. उजव्याला काही झालं नाही. डाव्याच्या वर उचललेल्या हाताला पट्टा घासला आणि तर्जनी गळून खाली पडली. नुसती तुटली असती तर क्रेनवाल्याच्या माथी मारता आलं असतं. पण आतून तांब्याची खुंटी निघाली. राळ निघाली. म्हणजे बोट आधीच तुटलेलं होतं, आणि आम्ही ते चिकटवून मूर्ती अखंड दगडाची म्हणून देवळाला दिली, असं विश्वस्तांचं म्हणणं आहे. चिटणीसांनी आप्पांना भर बैठकीत लबाड म्हटलं. आप्पा आता ऐंशीचे आहेत.

देवळाच्या नव्या दारांसाठी आणखी आठ द्वारपाल करायचं काम आमच्याकडे यायचं होतं. ते थांबलंय. कारखान्यात चौदा माणसं आहेत.

सोबत एक कागद आहे. त्यावर एवढंच लिहिलंय की बोट तुमच्या हातून तुटलं, तुम्ही ते आप्पांच्या नकळत जोडलं आणि मूर्ती गेल्यावर आप्पांना कळलं. खाली सही करून उलट टपाली पाठवा. मी काही खोटं लिहायला सांगत नाही. आप्पांनी बापाविना राहिलेल्या भाच्याला सहाव्या वर्षापासून पोटच्या पोरासारखं वाढवलं, हाताला धरून टाकी चालवायला शिकवलं. त्याची थोडी चाड असेल तर सहीला वेळ लावू नका.

आप्पांची मुलगी


११ जानेवारी

मालकीणबाई,

दादा, दादा करत माझ्या मागे फिरणारी तू, आता एकदम 'तुम्ही'वर आलीस. बरं वाटलं. तू दिवसभर दगडाच्या ढिगात बसून असायचीस म्हणून मी तुझं नाव कपची ठेवलं होतं. कपची डोळ्यात जाते हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

तुझा कागद मिळाला. चांगला जाड आहे. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी एका गिऱ्हाइकाच्या ओट्याचं माप उतरवून घेतलं. सिंकचा खड्डा डाव्या अंगाला, कोपरा गोल. तेव्हा कागद काही परत पाठवता येणार नाही. नवा पाठवशील तर पाठव, मापं रोजच घ्यावी लागतात.

सही मी करणार नाही. का करणार नाही हे तुझ्या वडिलांना ठाऊक आहे. त्यांना एवढंच विचार, की त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना बाहेर काढून मामा एकटा आत काय करत होता.

चिटणीस लबाड म्हणाला म्हणतेस. त्याला माणसाची पारख दिसते.

तुझा कुणी नाही


१६ जानेवारी

'तुम्ही' सोडून दिलं. बोलायचं ते 'तू' म्हणून जास्त नीट बोलता येतं.

तुझं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. शेवटची ओळसुद्धा. त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बावीस वर्षांनंतरही या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरू द्यायचा नाही, हे तुला बरोब्बर जमतं.

ते काय करत होते विचारतोस? काम करत होते. ज्यांना काम येतं ते जेवायच्या सुट्टीतही करतात. तुला जमलं नाही, आणि जमत नाही म्हणायचाही धीर झाला नाही. म्हणून लपवलंस. लपवलेलं उघडं पडलं तेव्हा आप्पांनी कारखान्यात चारचौघांत तुझी अब्रू घेतली नाही. घरात, आत्याच्या आणि माझ्यासमोर सांगितलं आणि जा म्हणाले. दुसरा कुणी असता तर त्यानं गावभर केलं असतं. आणि तू? तोंडातून एक शब्द काढला नाहीस. निर्दोष माणूस असा खाली मान घालून पिशवी भरतो का?

आणि माणसाच्या पारखीच्या गोष्टी तू तरी करू नकोस. आत्या तीन महिने अंथरुणाला खिळून होती. स्वतःच्या आईचं दुखणं तुला कळलं केव्हा, आलास केव्हा? शेवटच्या दिवशी. तिला उठवणं, बसवणं, तिचे कपडे धुणं सगळं मी केलं. तेव्हा कुठे होते तुझे हे कुशल हात? ओटे कापत होते.

कागद परत पाठवते आहे. दोन्ही बाजूंना लिहिलंय. माप घ्यायला जागा नाही.


२३ जानेवारी

कपचे,

आता नीट वाच. एकदाच लिहिणार आहे.

मामाचा उजवा हात त्या वर्षी थरथरायला लागला होता. तो मनगट मांडीवर दाबून बसायचा, आणि बारीक काम आलं की मला पुढे करायचा. तुला वाटायचं, भाच्याचे लाड चाललेत. डाव्या द्वारपालाचं सगळं झालं होतं, फक्त तर्जनी राहिली होती. दारात शिरणाऱ्याला दम देणारं ते बोट. ते मामाला स्वतःच करायचं होतं. मूर्तीत शेवटचा घाव आपला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

मी चष्मा विसरलो म्हणून परत आत गेलो. तो परांचीवर उभा होता. मी हाक मारणार एवढ्यात घाव बसला. बोट खाली पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, खाली चुरा होता. मामा खाली उतरला, त्यानं बोट उचललं, पदराआड काही लपवावं तसं सदऱ्याच्या खाली धरलं, आणि मग त्याला मी दिसलो. तो म्हणाला, "जोडता येईल?" मी म्हटलं, "येईल." तीन दिवस ताडपत्री लावून मी ते जोडलं. खुंटी माझी, राळ माझी, दगडाची पूडही मीच वस्त्रगाळ केली. मूर्ती गेली. चार दिवसांनी घरात सगळ्यांसमोर तो म्हणाला, ह्यानं बोट तोडलं, माझ्यापासून लपवलं, असे हात मला कारखान्यात नकोत. त्याचा हात थरथरतो हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असलेला मी त्याला डोळ्यांसमोर नको होतो. एवढीच गोष्ट आहे.

मी गप्प का बसलो? आई त्याच्या घरात राहत होती म्हणून. मी तोंड उघडलं असतं तर दोन पिशव्या भरल्या गेल्या असत्या, आणि माझ्याकडे त्या दिवशी स्वतःला निजायला जागा नव्हती.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. देवळात जा. तुटलेली बाजू मी घासली नव्हती. घासली असती तर बोट अर्ध्या सुतानं आखूड झालं असतं. त्यामुळे शेवटच्या घावाची खूण बुंध्याला तशीच असणार. मी डावखुरा आहे. डावखुऱ्याची टाकी कुठून शिरते आणि उजव्या हाताच्या माणसाची कुठून, हे तुला शिकवायला नको. डोळे असतील तर बघ.

आता आईचं. पॉलिशवाल्या काकांचा फोन आला त्याच तासाला मी दुकान उघडं टाकून निघालो. दोन दिवस प्रवास करून भर दुपारी तुमच्या दारात उभा राहिलो. दार तू उघडलंस. पुरतं उघडलं नाहीस. एक हात चौकटीवर ठेवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "डॉक्टरांनी कुणाला भेटू द्यायचं नाही म्हटलंय. ती शुद्धीत नाही. उद्या ये." मी उद्या आलो. तोवर तिला हनुवटीपर्यंत झाकलं होतं. मामानं सांगितलं आणि तू उभी राहिलीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण उभी तू राहिलीस. आणि वर मलाच विचारतेस, आलास केव्हा.


१९ फेब्रुवारी

पत्राला उशीर झाला. देवळात जायला मी तीन आठवडे टाळाटाळ केली.

डावा द्वारपाल मंडपात आडवा ठेवलाय, खाली रबर. बोट चिटणीसांच्या टेबलाच्या खणात, रुमालात गुंडाळलेलं. मी बुंधा पाहिला. भिंग लावून पाहिला, मग बोटानं चाचपला. घाव उजवीकडून आलाय.

घरी येऊन आप्पांच्या खाटेशी बसले. म्हटलं, "घाव उजवीकडून आलाय, आप्पा."

ते म्हणाले, "बावीस वर्षांनी बघितलंस."

"तुम्ही सांगितलंत ते खरं मानलं."

"मग माझं काय चुकलं? मी सांगितलं, तू मानलंस."

 ते पुढे म्हणाले, "माझा हात गेला हे बाहेर कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी कारखान्याला कुलूप लागलं असतं. त्याचे हात शाबूत होते. तो कुठेही गेला असता तरी पोट भरणार होता."

"आणि आत्या?" मी विचारलं. ते भिंतीकडे वळले. मागच्या वेळी मला ते दुखावलेत असं वाटलं होतं.

तुला एक ठाऊक नाही. तू गेल्यावर महिन्याभरात त्यांनी मला टाकी हातात दिली. मुलगी म्हणून कधी कारखान्यात उभं केलं नव्हतं, आणि आता पहाटेपासून शिकवत होते. केवढ्या मोठ्या मनाचे आप्पा, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. त्यांना हात हवे होते. तेव्हापासून इथून गेलेला प्रत्येक चेहरा मी केलाय. खाली नाव त्यांचं असतं.

काल विश्वस्तांच्या बैठकीत जाऊन सगळं सांगितलं. बोट कुणी तोडलं, कुणी जोडलं, चेहरे कोण करतं. आठ द्वारपालांचं काम त्यांनी दुसऱ्यांना दिलंय. चौदापैकी सहा माणसांना मी कालच्या कालच कामावर येऊ नका म्हणून सांगून टाकलं. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही.

विश्वस्तांच्या इंजिनिअरचं म्हणणं पडलं की मूर्ती बदलायची गरज नाही. असा सांधा त्यानं पाहिलेला नाही, ज्यानं जोडलं त्यालाच पुन्हा बोलवा म्हणाला. मी तुझा पत्ता दिलाय. हे मी तुझ्यावर उपकार म्हणून केलेलं नाही, आणि तूही तसं धरू नकोस. तू बावीस वर्षांपूर्वी तोंड उघडलं असतंस तर माझी बावीस वर्षं वेगळी गेली असती. गप्प बसण्यात तुला मोठेपणा वाटला असेल. त्याची किंमत तू एकट्यानं दिलेली नाहीस.


१० मार्च

कपचे,

देवळाचं बोलावणं आलं आणि मी गेलो. पाच दिवस होतो. बोट बसवलं. या वेळी सांधा झाकला नाही, बारीक रेघ दिसते, दिसू दे म्हणालो. चिटणीसानं कुरकुर केली, मग गप्प झाला. द्वारपाल पुन्हा आपल्या जागी उभा आहे. तू केलेले चेहरे बाजूच्या ओवरीत पाहिले. चांगले आहेत, हे लिहायला मला आवडत नाही.

माझी बावीस वर्षं मोजायला मी तुला बसवलेलं नाही, तुझी तू माझ्यासमोर मोजू नकोस. पण ते जाऊ दे. पत्र त्यासाठी लिहीत नाही.

चौथ्या दिवशी पॉलिशवाले काका मामाला गाडीत घालून घेऊन आले. मला आधी सांगितलं असतं तर मी आलो नसतो. त्याला खाली खुर्चीवर बसवलं. मी परांचीवर होतो, उतरलो नाही. त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "बोटाचं माझ्याकडे लागतं. ते मी घेतलं. पण तू आईला बघायला आला नाहीस, ते तुझ्याकडे लागतं."

मी म्हटलं, "आलो होतो. तूच दारातून परत पाठवलंस."

"मी?" तो म्हणाला. "मी त्या दिवशी कारखान्यात होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती गेली होती. तू दुसऱ्या दिवशी आलास, ती गेल्यावर. मी तर तुझी वाट बघत होतो. तुझ्या आईला म्हटलंही होतं, पोराला कळवलंय."

काका जमिनीकडे बघत होते. आईच्या दुखण्याचा तो फोन कुणाच्या सांगण्यावरून केला होता, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. मामाच्या.

म्हातारा खोटं बोलतो हे मला पाठ आहे. पण तो खोटं बोलतो तेव्हा समोर बघून बोलतो. त्या दिवशी त्याचा चेहरा नुसता गोंधळलेला होता.

तुझं मागचं पत्र मी त्यानंतर पुन्हा काढून वाचलं. घाव आहे, आप्पा आहेत, विश्वस्त आहेत. मी दाराचं एवढं लिहिलं होतं, त्यावर एक ओळ नाही.

एकोणीस वर्षं मी चुकीच्या माणसाचा राग केला. आता बरोबर माणसाचा करायचाय. माफीबिफी लिहू नकोस, मी वाचणार नाही. काय झालं तेवढं लिही. ती खरंच शुद्धीत नव्हती का, ते लिही. काही बोलली असेल तर तिचेच शब्द लिही, तुझे नकोत.


१८ मार्च

लिहिते.

आप्पांनी मला काही सांगितलं नव्हतं. त्यांनी तुला कळवलंय हेही मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी कुणाला भेटू नका असं कधीच म्हटलं नव्हतं. दार मी अडवलं, माझं मी.

आत्या शुद्धीत होती. सकाळपासून जरा बरी होती. मी तिला उशीला टेकवून बसवलं होतं आणि चमच्यानं पाणी पाजत होते, तेव्हा दार वाजलं.

तू आप्पांचं नाव घालवलंस असं मी मानत होते, तेवढं कारण सांगून सुटता आलं असतं. पण तू शब्द मागितलेस, तर पुरते देते. मला आईचा चेहरा आठवत नाही. मला आत्याच होती. तू गेल्यापासून तीन वर्षं ती माझ्या हातचं जेवायची आणि तुझं नाव घ्यायची. केस विंचरताना तुझं, औषध घेताना तुझं. दारात तू दिसलास तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की आता हा आत येणार, हिच्या उशाशी बसणार, आणि तीन महिने मी जे केलं ते कुणी केलं हे तिला आठवणारही नाही. तुझ्या हातात पिशवी होती, पायांतल्या चपलांवर धूळ होती. मला तुझी दया आली नाही. ती शुद्धीत नाही, हे मी मुद्दाम हळू आवाजात बोलले, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

तू मात्र नेहमीच्या आवाजात बोललास. "बरं, उद्या येतो," म्हणालास.

मी आत आले. ती बसल्या जागी सरळ झाली होती. तिनं विचारलं, "कोण आलंय?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. मग म्हणाली, "कुणी का असेना. लांबून आलेला दिसतोय. त्याला म्हणावं, जेवून जा."

हे तिचे शब्द. त्यानंतर ती काही बोलली नाही. दिवे लागायच्या आत गेली.

मी पुन्हा दाराशी गेले होते. तू शेवटच्या पायरीवर बसून चपलेचा तुटलेला अंगठा खोचत होतास. हाक मारायचीही गरज नव्हती, नुसतं बोलले असते तरी ऐकू गेलं असतं. मी दार लोटलं आणि आतून कडी लावली.